हुकातला गंज

बॅग माझ्या छातीवर आदळली आणि खाली पडली. नवी कोरी, तपकिरी चामड्याची. तिच्या तळाची शिवण उसवली होती. एक टाका, मग सुटलेला टाका, मग पुन्हा टाका. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "काय बे, मशीन दुरुस्त केली का तिची वाट लावली? तुम्हा लोकांच्या हाताला यशच नाही."

तुम्हा लोकांच्या. एकट्या माझ्या नाही. एका गिऱ्हाइकानं मान डोलावली. मी वाकून बॅग उचलली आणि मागच्या कारखान्यात गेलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात महाल भागात मालकांचं दुकान होतं आणि दुकानामागे कारखाना. तिथं प्रवासी बॅगा, पाकिटं, पट्टे व्हायचे. चामडं शिवायची मशीन एकच. घरातल्या शिलाई मशीनपेक्षा कितीतरी जड, सुई खिळ्याएवढी. ती थांबली की कारखाना थांबायचा. मी मेकॅनिक. सायकलला अवजारांची पिशवी अडकवून गल्लोगल्ली हिंडायचो. मेकॅनिकची सगळी इभ्रत लोकांच्या तोंडी असते. 'त्याचं काम टिकत नाही' एवढं एक वाक्य गल्लीत फिरलं की संपला तो.

मायला हे काम पसंत नव्हतं. ती म्हणायची, "चामड्याच्या मशीनले काहून हात लावतं रे? दीक्षा घेतली तवाच मेलं ढोर ओढनं सोडलं आपन."

मी म्हणायचो, "माय, मी लोखंडाले हात लावतो, ढोराले नाही."

मालकांनी पहिल्याच खेपेला मला विचारलं होतं, "राहतोस कुठे?" नागपुरात हा प्रश्न पत्त्यासाठी नसतो. "इंदोऱ्याले," मी म्हणालो आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. इंदोरा म्हणजे आमची वस्ती, बौद्धांची. "अच्छा, अच्छा," मालक हसले. चहा पाजला. चांगल्या कपात, बरं का. माणूस भला आहे, असं मी घरी येऊन सांगितलं.

तेव्हा मशीनचं टायमिंग चुकलं होतं. सुई खाली जाऊन वर निघताना दोऱ्याचा फास करते. तो फास खालच्या हुकानं नेमका तेव्हाच उचलायचा असतो. केसभर मागंपुढं झालं की टाका सुटतो. मी ते जुळवलं, जाड चामड्याच्या तुकड्यावर शिवण घालून दाखवली. काही दिवसांनी निरोप आला, टाके सुटतात. उघडून पाहिलं तर हुकावर तांबूस गंज. घासला, चकाकवला, तेल दिलं, पुन्हा जुळवलं. आणि पुन्हा निरोप. बॅग छातीवर आली ती या तिसऱ्या खेपेला.

वैशाख होता. नागपूरचा वैशाख, ओलं फडकं दांडीवर टाकेपर्यंत वाळतं. अशा हवेत लोखंडाला गंज चढतो कसा? दुसऱ्या खेपेला मला खिडकीतल्या कूलरचा संशय आला होता. त्याचे तुषार मशीनवर येत असतील म्हणून मी आणि पांडुरंग मास्तरांनी ते जडशीळ टेबल ओढत पार पलीकडच्या भिंतीला नेलं. मशीन मास्तरच चालवायचे. जातीनं शिंपी, बोलायला गोड, डब्यातलं लोणचं मला आवर्जून देणारे. टेबल ओढताना आम्ही दोघं घामानं निथळलो. मास्तर एका शब्दानंही बोलले नाहीत.

आता मी मशीन आडवी केली. सुईखालची पट्टी काढली. बाकी सगळं लोखंड तेलानं चमकत होतं. गंज होता फक्त हुकावर, पट्टीच्या भोकाच्या बरोबर खाली. वरून काही तरी ओघळलं होतं. चामड्याच्या किसाचा चिखल झाला होता आणि त्यावर पांढरट खपली. मी हुक काढून चिंधीनं पुसला, चिंधी नाकाशी नेली. वास चामड्याचा नव्हता. गोठ्याचा होता.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते कात्री पुसत होते. कात्री स्वच्छ होती.

"मास्तर, हे काय होय?"

"मले काय माहीत गा."

"मास्तर."

मग ते तोंडातल्या तोंडात बोलले, "तू गेला का मालक गोमूत्र शिंपडतात मशीनवर. दर खेपेले."

"अन् तुमी पाहून राहिले? टेबल ओढलं आपण, तवा बी?"

"माही नोकरी आहे गा."

मी जुळवत होतो, ते बिघडवत होते आणि दोष माझ्या हाताला. माझ्या एकट्याच्याही नाही, साऱ्या इंदोऱ्याच्या. कोपऱ्यात लक्ष्मीच्या फोटोखाली चामड्याचे गठ्ठे रचलेले होते. मद्रासहून रंगून, पॉलिश होऊन आलेले. मेल्या म्हशीचं कातडं पॉलिश केलं की शुद्ध होतं. त्या गठ्ठ्यांवर कोणी काही शिंपडत नव्हतं. माझी बोटं लागली तेवढ्याच जागेवर शिंपडत होते. त्या चहाच्या कपाचं पुढं काय झालं असेल, तेही मला तेव्हाच कळलं.

मालक आत आले. "झालं का?"

"शेठ, मशीन माझ्या हातानं नाही बिघडत. तुमी गोमूत्र शिंपडता, त्यानं बिघडते." मी चिंधी पुढं केली. ते चटकन मागे सरले.

मला वाटलं, आता कांगावा करतील, मास्तरांवर धावून जातील. तसं काही झालं नाही. त्यांनी दुकानाकडचं दार लोटून घेतलं आणि अगदी घरच्या माणसासारखे बोलायला लागले. "हे बघ, मनावर घेऊ नको. आमच्या घरची रीत आहे. आईसाठी करावं लागतं. माझा स्वतःचा काही विश्वास नाही." मग मशीनकडे बघत, खरंच विचारात पडून म्हणाले, "पण तू मेकॅनिक आहेस, तूच सांग. कुठे शिंपडलं तर मशीनला बाधणार नाही? वरच्या पत्र्यावर चालेल? का बाजूच्या चाकावर?"

ते थट्टा करत नव्हते. तेल कुठं द्यायचं हे विचारावं, तसंच विचारत होते.

छातीवरची बॅग मला एवढी लागली नव्हती. विटाळ माझा. आणि तो धुवायचा कसा, याचा सल्लाही मीच द्यायचा. वर त्यांना वाटत होतं की ते मला मान देत आहेत. मला त्या माणसाची किळस आली.

मी दार सताड उघडलं. गिऱ्हाइकं होतीच. त्यांना ऐकू जाईल असं बोललो, "ज्या मशीनवर माझ्या मागं गोमूत्र शिंपडलं जाते, त्या मशीनले मी हात लावत नाही." हुक टेबलावर ठेवला. पेचकस, पाने पिशवीत भरले.

"अरे, जोडून तर दे!"

"गोमूत्रानं जोडून घ्या."

"महालात पाय ठेवू देणार नाही तुला," मालक ओरडले. मशीन आडवीच पडली होती. मास्तरांनी मान वर केली नाही.

मालकांनी शब्द पाळला. गल्लीभर सांगत फिरले की याच्या हाताला यश नाही. महालातलं काम गेलं ते गेलंच. मास्तर पुढं एकदा बाजारात दिसले, मी रस्ता बदलला. मायला सगळं सांगितलं तेव्हा ती सूप हातात घेऊन बसली होती. पाखडायची थांबली. म्हणाली, "तुह्या आजानं अर्ध्यातच दोर सोडला होता. पाटलाचं मेलं ढोर पाटलाच्याच दारात पडू देलं." आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या दिवसापासून माझा एक नेम आहे. कोणत्याही मशीनपुढं बसण्याआधी, पिशवीचा बंद सोडण्याआधी, उभ्यानंच सांगायचं. "मी इंदोऱ्याचा. बौद्ध. मी गेल्यावर मशीनवर काही शिंपडायचं असेल तर आत्ताच सांगा."

काही जण हसतात, आमच्याकडे तसलं काही नाही म्हणतात. मग मी बसतो. काही जण म्हणतात, मशीन उद्या पाहू. त्यांचा उद्या येत नाही. न येवो. पडू दे त्यांच्या मशिनी बंद, गंजू दे जागच्या जागी. माझा पत्ता मी आता खालच्या आवाजात सांगणार नाही.