भुईआवळीचा रस आणि हौसाचा दहावा

हौसाबाई, म्हणजे आमची मंडळी, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईआवळीचा रस. तिनं वाटला, गाळला, पेला माझ्या हातात दिला. तिची पाठ वळल्यावर मी तो जास्वंदीच्या बुडात ओतला. दहा वाजता ती कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. लिव्हर सुजलेलं माझं, औषध माझं, आणि गेली ती! मला अजून पटत नाही.

सहा महिन्यांमागं साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "आजोबा, दारू बंद, गोळ्या चालू." मी दोन्ही ऐकलं. (भ्यालो होतो, दुसरं काय!) पण हौसाचा गोळ्यांवर भरवसा नव्हता. बांधावरनं भुईआवळी उपटून आणायची, पाट्यावर वाटायची आणि मला उपाशीपोटी पाजायची. कडू म्हणजे लय कडू! आठ दिवस मी प्यालो, नवव्या दिवसापासनं जास्वंद प्यायली. पुढच्या तपासणीत सूज उतरली, तर हिनं गावभर केलं, "माझ्या रसानंच मालक बरं झालं!" निम्मी भावकी रस पिऊ लागली. तिचा भाऊ शामराव तर कराडात राहून रोज पेलाभर!

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला. कावळे आले, झाडावर बसले, पण एक खाली येईना. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आमच्यात धरतात. मग जो तो पुढं होऊन वचन देऊ लागला.

पोरगा म्हणाला, "आई, आण्णांना मी सांभाळतो." कावळा ढिम्म.

सून म्हणाली, "आत्या, तुमची म्हस इकत न्हाई." कावळ्यानं पाठ फिरवली!

ऊन चढलं. हौसा अशी ताटकळत राहणार म्हणजे काय?

शामराव कानाशी लागला, "दाजी, आक्काचा जीव तुमच्यात हाय. रस पीत राहीन म्हणा की!"

तेच म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "हौसे, चुकलो गं! तुझा रस मी जास्वंदीला घातला."

भटजींच्या हातातली पळी हवेतच थांबली.

"काय?" शामराव किंचाळला. "आवं, तुमच्याकडं बघून मी चार म्हयनं ते इख गिळतोय!"

"मग तुझं लिव्हर चांगलं हाय की."

"माझ्या लिव्हरला झालंच काय हुतं!"

मागनं चुलतभाऊ ओरडला, "आन् माझं रं, गड्या?"

तेवढ्यात पंख फडफडले. कावळा पिंडावर! शामराव मला शिव्या देत होता आणि हुंदके पण देत होता. मी हात जोडले. "उद्यापासनं पितो, हौसे. खरंच पितो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बांधावर गेलो आणि मटकन खाली बसलो. भुईआवळी दिसते कशी, हेच मला ठाऊक नव्हतं! जन्मभर शेत केलं, पण त्या रोपाकडं कधी धड बघितलं नाही. शेजारच्या रानात पारूबाई खुरपं घेऊन भांगलत होती. तिला हाक मारून भुईआवळी कुठं असते ते विचारलं.

ती आली, बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आवं आण्णा, तुमी बसलाय तिच्यावरच की!"

उठलो. चेपलेलीच रोपं उपटली, घरी येऊन कशीबशी वाटली. निम्मा पेला नाक दाबून प्यालो आणि सवयीनं मागं वळून बघितलं. घरात कुणी नव्हतं. मग जन्मात पहिल्यांदा, कुणी बघत नसताना, उरलेलाही प्यालो.