पेंढा भरलेलं टायर

पालीहून रत्नागिरीला भाड्याची मोटार नेणारा तो माणूस प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचा आणि माझ्या वडिलांपुढे कधी मान वर करायचा नाही. ताई नर्सिंग शिकायला रत्नागिरीहून बोटीने मुंबईला निघाली, त्या सकाळी आम्ही त्याच्याच मोटारीत होतो. वडिलांनी कसाबसा होकार दिला होता.

वाटेत मागचं टायर बसलं. त्याने ट्यूबला ठिगळ लावलं. हातखंब्याला ते परत बसलं. पुन्हा ठिगळ, आणि पुढच्या चढावर पुन्हा फुस्स!

“अपशकुन आहे. मोटार मागे फिरव,” वडील म्हणाले. ताईचे डोळे भरून आले.

“नाय फिरवणार, भाऊसाहेब. बोट चुकंल,” तो एकदाच म्हणाला. त्याने ट्यूब काढून टाकली, शेतातल्या उडवीतून पेंढा उपसून आणला आणि टायरात ठासायला लागला. ताई आणि मीही ठासायला लागलो.

पेंढा उधळत, आदळत आपटत आम्ही बंदर गाठलं. लांब खोल पाण्यात उभ्या बोटीकडे उतारूंना नेणारा शेवटचा पडाव सुटत होता. ताईची ट्रंक डोक्यावर घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला. “थांबा रे! आमची बाय येतेय!”

वडिलांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग धोतर वर खोचलं, ताईचा हात धरला आणि तेही पाण्यात उतरले.