क्लबच्या रायफलची नवी बॅरल

“अगं, आडनाव ऐकलंस ना त्याचं? मग स्वच्छतेची अपेक्षा तरी कशाला करायची!” काका फोनवर काकूंना म्हणाले आणि हसले.

ते मराठीत बोलत होते, त्यामुळे आपण खोलीत एकटेच आहोत अशा आवाजात बोलत होते. माझ्याशिवाय तिथे तिघं होते. दोन इंग्रज सभासद खिडकीशी बसून सँडविच खात होते. तिसरे होते ते गृहस्थ, ज्यांच्या आडनावाचा विषय चालला होता. क्लबच्या शस्त्रांचं कपाट तेच सांभाळत. कपाटासमोर पाठमोरे उभे राहून ते रायफली मोजत होते. लहानपणी आईवडिलांबरोबर नागपूरहून वेम्बलीला आलेला हा माणूस माझ्याइतकंच मराठी समजतो, हे काकांना पक्कं माहीत होतं. तरी काका त्यांच्याशी कायम इंग्रजीतच बोलायचे.

मोजणारं बोट एका रायफलीवर थांबलं. मग पुढे सरकलं.

मी हातातल्या चहाच्या कपात बघत राहिले.

हे काका म्हणजे बाबांचे मेडिकल कॉलेजातले मित्र. हाडांचे सर्जन. मी नोकरीसाठी लंडनला आले तेव्हापासून हॅरोत त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत राहत होते. दर रविवारी ते शूटिंग क्लबला जायचे. पहिल्यांदा त्यांनी “चल की, घरात बसून काय करणार?” म्हणून नेलं, आणि नाही म्हणायची सवय नसल्यामुळे मी गेले. नंतर मात्र स्वतःहून जाऊ लागले, कारण तिथे पालथं पडून नेम धरायचा असतो आणि त्या वेळात कुणी आपल्याशी बोलत नाही. मी अजून शिकाऊ सभासद होते. मीटिंगला बसता यायचं, मत देता यायचं नाही.

क्लबकडे एकच सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती, पॉइंट टू-टूची, म्हणजे पाव इंचाहूनही बारीक गोळीची. या देशात सेमी-ऑटोमॅटिक म्हणून सामान्य माणसाला एवढीच लहान मिळते. पूर्वी तिच्या पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जायची म्हणे. आता ती बशीभर पसरायला लागली होती. बॅरल, म्हणजे गोळी जिच्यातून सुटते ती नळी, झिजून संपली, असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. नवी कुठली घ्यायची ते काका ठरवणार होते. जुनी कशामुळे संपली तेही काकांनीच ठरवलं होतं: कपाट सांभाळणारा माणूस घाणेरडा आहे, रायफल साफ करत नाही. म्हणून नव्या बॅरलीबरोबर कपाटाची चावीही आपल्याकडे यावी, असं पत्र त्यांनी कमिटीला दिलं होतं. मीटिंग दोन आठवड्यांवर होती.

ते दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर बॅरलीशिवाय विषय नव्हता. लॅपटॉप वरणाच्या पातेल्याला टेकवलेला.

“हे बघ, क्रोम-मॉली पोलाद स्वस्त, पण गंजतं. कार्बनची गुंडाळलेली हलकी असते, पण ती फॅशन. आपण स्टेनलेसच घ्यायची. जाड भिंतीची. कितीही घासा, काही होणार नाही. लाइफटाइम!”

“देवांचंही असंच म्हणाला होतात,” काकू पोळी वाढत म्हणाल्या. “पितळ आहे, काही होत नाही. अन्नपूर्णेला आता नाक राहिलंय का बघा.”

“स्वच्छ तर आहे ना?”

“स्वच्छ आहे हो. फक्त कोण आहे ते ओळखू येत नाही.”

मी हसले नाही. शनिवारी सकाळी काका देव घासायला बसत. काकूंना हात लावू देत नसत, मला तर नाहीच. चिंच, मीठ, जुना टूथब्रश, आणि तो घसघस आवाज. नंतर ते बोटं नाकाशी नेऊन वास घेत. का कोण जाणे, त्या वास घेण्याचीच मला जास्त शिसारी यायची.

तोच आवाज मी रविवारीही ऐकत होते. बाकीचे मैदानावर गेले की काका ती रायफल टेबलावर घेत. त्यांनी स्वतःची लोखंडी सळई आणली होती, टोकाला तारेचा ब्रश. मागची बाजू बंद असल्यामुळे या रायफलीत मागून सळई जात नाही. बॅरल सोडवून घ्यावी लागते. दोन स्क्रूंचं काम, पण काकांना तेवढा धीर नव्हता. ते सरळ पुढून, गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडून, सळई खुपसत आणि चाळीस-पन्नास वेळा आतबाहेर करत. चिंधी काळी निघाली की ती माझ्यासमोर धरत. “बघ! हे गटार! आणि तो म्हणे कपाट सांभाळतो.” पेट्रोलसारखा उग्र वास सुटायचा. हे मी सहा-सात महिने पाहत होते, आणि ते चूक आहे हे मला माहीत नव्हतं.

कळलं ते त्या फोनच्या पुढच्या रविवारी. पाऊस होता. काका हॉस्पिटलमध्ये अडकले होते आणि मी बसने एकटीच गेले होते. त्या गृहस्थांनी रायफलीची बॅरल सोडवून फडक्यावर ठेवली होती आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं होतं. मी उगाच जवळ जाऊन उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मी कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून मी हाक मारल्याशिवाय बोलायची युक्ती शोधून काढली होती.

“खूप झिजलीय का?”

त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. “तोंडाची कड बघ. आतल्या बाजूची.”

बघितलं. बॅरलच्या आत पीळ असतात. ते कडेपर्यंत धारदार यायला हवेत. एका बाजूला ते तसे येत होते. दुसऱ्या बाजूला कड पुसल्यासारखी गुळगुळीत झाली होती, सतत दोर घासून विहिरीचा काठ होतो तशी.

“गोळी सुटताना शेवटचा स्पर्श या कडेचा,” ते म्हणाले. त्यांचं मराठी सावकाश होतं, आईकडून शिकलेलं आणि नंतर फारसं न वापरलेलं. “कड सगळीकडून सेम पाहिजे. एका बाजूनं गेली तर गोळी तिरपी जाते. आतून बॅरल बघ, नवीन आहे. अगं, टू-टूची गोळी म्हणजे मऊ शिसं. पोलादाला ती काय खाणार? पस्तीस वर्षं मी कारखान्यात लेथ मशीनवर होतो. गोळीनं मेलेली या साइजची बॅरल मी एकपण नाही पाहिली. सगळ्या साफ करणाऱ्यांनी मारलेल्या.”

“तुम्ही साफ करत नाही?”

“करतो ना. दोरी आहे माझी. ती वाकते, म्हणून मागच्या खाचेतून घालून पुढे ओढायची, कधीतरी. या बॅरलीला थोडा मळ लागतो. एकदम चकचकीत केली की पहिल्या दहा गोळ्या भटकतात.” मग ते हसले. “गनस्मिथकडे अर्धा इंच कापून नवं तोंड करून घेतलं तर ही आपल्या दोघांपेक्षा जास्त जगेल. नवीन कशाला?”

“मग सांगा ना कमिटीला.”

“सांगितलं होतं, सळई वापरू नका म्हणून. नोटीस पण लावली होती भिंतीवर. आता मी म्हणालो की कोणीतरी लपून वापरतो, तर लोक म्हणतील चावी वाचवायला बोलतो.” त्यांनी बॅरल फडक्यात गुंडाळली. कुणी वापरली ते त्यांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

त्यांनी फ्लास्कमधून चहा ओतला. एक कप माझ्यापुढे सरकवला. मी “नको” म्हटलं. नेमबाजीच्या रेंजवर हात धुतल्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही असा नियम आहे, गोळ्यांतल्या शिशामुळे. मी तेच कारण सांगितलं. पण त्या दिवशी मी कशालाच हात लावला नव्हता. मागच्याच रविवारी खिडकीशी बसलेल्या एका इंग्रज माणसाने दिलेला चहा मी हात न धुताच प्याले होते. त्यांनी कप परत ओढून घेतला आणि स्वतः प्याले, अजिबात घाई न करता. बसमध्ये मला काकांची किळस येत होती हे खरं, पण ती त्यांच्यापाशी थांबत नव्हती. “नको” म्हणणाऱ्या माझ्या स्वतःच्या जिभेपर्यंत येत होती.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. आडनावाचंही.

बाबा म्हणाले, “तो पहिल्यापासून तसाच आहे. मनाने वाईट नाही.”

“मी मीटिंगमध्ये सांगू का?”

“तुला काय करायचंय त्या रायफलीचं? त्यांच्या घरात राहतेस. भाडं घेत नाहीत ते. कपाटवाला म्हातारा माणूस आहे, चावी आज नाही तर उद्या जाणारच.”

म्हातारा माणूस गेली अकरा वर्षं रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते कपाट उघडत होता. बाबांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं.

मीटिंगच्या दिवशी काकांनी प्रिंटआउट वाटले. तीन बॅरली, शेजारी शेजारी फोटो, स्टेनलेसवालीभोवती लाल चौकोन. क्लबच्या अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचत होत्या. काका इंग्रजीत फार छान बोलतात. हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना समजावतात तसं, मऊ आवाजात. कुणावर आरोप नाही, म्हणाले. वय झालं की प्रत्येकाच्या हातून राहून जातं. आपण त्यांचा योग्य तो सत्कार करू. पण हत्यार म्हटलं की स्वच्छता हवी, आणि ती ठरावीक घरांतूनच येते.

हे शेवटचं त्यांनी इंग्रजीत म्हटलं. ऐकणाऱ्या इंग्रजांनी मान डोलावली, कारण त्यांना ते साधं शिस्तीबद्दलचं वाक्य वाटलं. खोलीत तिघांनाच त्याचा अर्थ कळला. त्यांतल्या एकाने किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून टेबलावर ठेवला होता, मागायच्या आधीच. चावी जुडग्यातून सोडवायला ते नखाने रिंग उघडत होते आणि ती उघडत नव्हती.

काका मदत करायला पुढे झाले नाहीत. खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून त्यांनी ती आपल्या कागदांशेजारी ठेवली. मी ती बाटली बघितली. चावी हातात आली की ते आधी ती सॅनिटायझरने पुसून घेणार, हे मला स्पष्ट दिसलं.

“मतदानाआधी आणखी कुणाला काही बोलायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं, आणि उत्तर येणार नाही असं धरून कागद उलटला.

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, सगळे बसूनच बोलत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याच बाजूने काही गोड बोलणार अशा कौतुकाने. माझा आवाज लहान निघाला, म्हणून मी पहिलं वाक्य दोनदा म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

“ती बॅरल झिजलेली नाही. ती बॅरल झिजलेली नाही. माझे काका गेले सात महिने दर रविवारी, तुम्ही सगळे मैदानावर असताना, तिच्यात तोंडाकडून लोखंडी सळई घालून घासतात. मी इथेच बसून पाहिलंय आणि गप्प राहिलेय. तोंडाची कड एका बाजूने गेलीय, भिंगातून तुम्हालाही दिसेल. नवी आणलीत तर तीही अशीच जाईल. चावी त्यांना देऊ नका.”

मग मी काकांकडे वळले आणि मराठीत म्हटलं, “आणि तुम्ही त्यांच्या आडनावाबद्दल जे बोललात ते त्यांनी ऐकलंय. मीही ऐकलंय.”