धानाच्या काट्यावर आमची वजनं

आमच्या मंडळात कुणाचं वजन उतरल्याची बातमी वर्षातून एखादी. किस्से मात्र आठवड्याला दोन-तीन तरी जमतातच! आता इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की मागचे चार आपणहून पुढे सरकतात. त्यातले काही हसून सांगता येतात. काही नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. आमगावात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रोज सकाळी फिरायचं. आणि रविवारी फिरून झालं की आमच्यातल्याच शेठच्या राइस मिलमध्ये जाऊन, धान मोजायच्या काट्यावर एकेकाने उभं राहायचं.

शेठचा काटा म्हणजे काय! तालुक्यातले कास्तकार त्यावर डोळे मिटून धान टाकतात. पण शेठला माणसाचं वजन किलोत सांगताच येत नाही. चाळीस किलोचा एक कट्टा, हा त्याचा हिशोब. मी पहिल्यांदा चढलो तेव्हा तो ओरडला, "गुरुजी, दो कट्टा, ऊपर से बारा किलो!"

मिलमधले हमाल बघायला जमा झाले. मी म्हटलं, "शेठ, धान ओलं असलं की वजनात कपात करता ना? माझीही करा थोडी!"

"गुरुजी, आप तो पूरे सूखे हो. ये सब चावल है!"

* * *

आमच्यातला लांजेवार हा फिरायला कशाला येतो, हे कोडंच आहे. सडपातळ माणूस. सौंदडच्या एका लग्नात त्याने जिलेबीची दोन ताटं संपवली, वर मठ्ठा मागितला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. काट्यावर चढला तर मागच्या आठवड्यापेक्षा कमी!

मी चिडलो. "अरे, जाते कुठे ती जिलेबी?"

"माहा बाप असाच होता जी," लांजेवार म्हणाला. "मरेपर्यंत शिरा खाल्ला. खांदा द्याले चार जण आले, तर मागचे दोघं म्हणून राहिले, आमाले कायले बोलावलं?"

* * *

माझ्या घरी उलटी तऱ्हा. मी चार महिने भात सोडला होता. आमच्या भागात भात सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखंच. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर शेती असलेल्या माझ्या सासुरवाडीला गेलो, तर सासूबाई ताटाकडे पाहून घाबरल्या. "जवाईबापू, ताप हाय का पोरीसंगं भांडण?"

मी अंगणात हात धुवायला गेलो. मागून सासूबाईंची आरोळी आली, "अवो, व्याहीबुवा कुठून आले?"

माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती! तीच मान, तेच खांदे, तेच पोट. चार महिने भाताविना काढूनही मी मागून माझ्या बापासारखाच दिसत होतो. सगळे हसले, मीही हसलो. पण शेवटी शेवटी बाबा एकच पोळी खायचे आणि तरी सगळं घर त्यांना "खाणं आवरा" म्हणायचं, ते आठवलं.

* * *

चौथ्या हेमाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या मंडळात आल्या तेव्हा शेठने विचारलं, "दीदी, आपको क्या जरूरत पड़ी?"

हेमाताईंनी चालता चालताच सांगितलं, "माह्या भावाच्या किडन्या गेल्या. मले माही एक द्याची हाय. डॉक्टर म्हणते, आधी दोन कट्ट्यांच्या खाली ये."

डॉक्टर कट्टे म्हणाले नसणार, पण आम्ही त्या दिवशी कुणीच हसलो नाही.

भाऊ म्हणजे संजय, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस. लहानपणी दोघं इतके सारखे गोल होते, की शाळेत त्यांना जोडीनेच हाक मारायचे. आजाराने संजयचं अंग उतरलं. ताईंचं मात्र तसंच राहिलं, दोन कट्टे आणि वर आठ किलो.

नागपूरला तपासण्या झाल्या. परत आल्या तेव्हा ताई पाळीवर थांबूनच बोलल्या. "जुळलं जी सगळं! डॉक्टर म्हणे, सख्ख्या भावंडातही इतकं जुळत नाई."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

"मंग मी इचारलं, चार महिने झाले, उपाशी राहून राहिली, चालून राहिली, वजन काऊन उतरत नाई? तर म्हणे, तेही घरातूनच आलं. एकाच जेवणावर एकाचं उतरते, दुसऱ्याचं अंग धरून ठेवते, भूकही जास्त लावते. होत नाई असं नाई म्हणे, पण तुमाले वेळ लागन."

मग म्हणाल्या, "किडनी जुळली तीही आईमुळं, वजन अडलं तेही आईमुळं. आता भांडू कोणासंगं?"

वेळ ताईंकडे होता. संजयकडे किती होता, ते कुणालाच माहीत नव्हतं.

* * *

पावसाळा गेला, धान कापणीला आलं. ताई पाच-सहा किलो उतरल्या आणि तिथेच अडकल्या. दर रविवारी काटा तेच सांगायचा, दोन कट्टे दोन किलो.

लांजेवारला संशय आला. "बाई शाळेत काईतरी खात असन!" म्हणून हा पठ्ठ्या परीक्षा घ्यायला मधल्या सुट्टीत समोशांचा पुडा घेऊन शाळेत पोचला. ताईंनी डबा उघडला. अर्धी भाकर, काकडी आणि पातळ वरण. वर ताईच म्हणाल्या, "बसा ना जी, अर्धी घ्या."

समोसे तसेच परत आले. लांजेवारला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. रविवारी वजन केलं तर किलोभर उतरला तोच!

* * *

त्याच रविवारी काट्यावरून उतरताना ताई म्हणाल्या, "आता नाई होत माह्याच्यानं." इतकंच. पण शेठ दिवसभर काट्याभोवतीच घुटमळत राहिला.

पुढच्या रविवारी ताई चढल्या आणि शेठ ओरडला, "दो कट्टा में एक किलो कम!"

आम्ही नाचलोच! लांजेवारने ताईंच्या पाया पडून घेतलं. शेठने पेढे मागवले, ताईंनी अर्धासुद्धा खाल्ला नाही. आणि सोमवारी सकाळच्या गाडीने त्या एकट्याच नागपूरला डॉक्टरांना दाखवायला निघून गेल्या.

हे शेठला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा त्याने आम्हा दोघांना मिलच्या ओट्यावर बोलावलं.

काट्याला एक बटण असतं. रिकाम्या पोत्यांचं वजन आधीच वजा करायला. शेठने तीन किलो वजा करून ठेवले होते.

"सोचा, हिम्मत बनी रहेगी तो बाकी अपने आप उतर जाएगा," शेठ म्हणाला. "जिंदगी में पहली बार काटा मारा, गुरुजी. वो भी उलटा!"

ताई संध्याकाळी स्टेशनवरून थेट मिलमध्ये आल्या. नागपूरच्या काट्यावर त्या ब्याऐंशीच भरल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी हमालाकडून शिवलेला कट्टा काट्यावर टाकायला लावला. चाळीसच्या जागी सदतीस. शेठने हात जोडले.

ताई रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "शेठ, हा काटा रविवारी पुन्हा असाच ठेवा. संजय माहं वजन पाहाले येऊन राहिला. त्याले मी सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर होते."

* * *

रविवारी संजय आला. कालच गोंदियाहून डायलिसिस करून आला होता. तिथे मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात आणि उतरवल्यावर पुन्हा करतात, त्यामुळे संजयला स्वतःचं वजन पाठ असायचं. चेहरा ओढलेला, पण हसरा. बहिणीचं वजन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच म्हणून रिक्षा करून आलेला.

शेठने पाठ करून बटण दाबलं. ताई चढल्या. एकोणऐंशी!

"वा ताई!" संजयने टाळी वाजवली. "दोन कट्ट्यांच्या खाली! मंग आता अडलं कुठं?"

"डॉक्टर येऊ दे सुट्टीवरून," ताई म्हणाल्या.

लांजेवारने चहा सांगितला. सगळं निभावलं असं वाटलं, तेवढ्यात संजय चप्पल काढून म्हणाला, "सरा बाजूले, मीबी चढतो!"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शेठ बटणाकडे धावला, पण तोवर संजय वर उभा होता.

काल गोंदियाला बावन्न भरला होता. काट्यावर एकोणपन्नास.

संजयने आकडा पाहिला. शेठकडे पाहिलं. मग बहिणीकडे. ताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

मग संजय खाली उतरला, चपलेत पाय घातले आणि शेठच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेठ, गोंदियाची मशीन चार घंटे झोपवून दोन किलो पाणी काढते. तुमच्या काट्यानं उभ्या उभ्याच तीन किलो काढलं जी!"