मामांचा दोन खोल्यांचा प्रस्ताव

शाळेच्या खोल्यांना सरकारी पैसा कसा मिळतो, तो कुठल्या टेबलावर थांबतो आणि कशानं पुढं सरकतो, हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं समजलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गगनबावड्याकडच्या त्यांच्या गावातल्या कौलारू शाळेत. त्या शाळेच्या जागी दोन पक्क्या खोल्या व्हाव्यात म्हणून मामा सात वर्षं कोल्हापूरला खेटे घालत होते. गावानं त्यांना नेमलं नव्हतं. ते आपले आपणच नेमले गेले होते.

पहिल्या एस्टीनं उतरायचे, आमच्याकडं चहा-पोहे घ्यायचे आणि खताच्या पिशवीत बांधलेली फाईल काखेत मारून ऑफिसला निघायचे. संध्याकाळी परतले, की आम्हाला त्या दिवसाचं ज्ञान मिळे. "जावईबापू, आधी शाळा समितीचा ठराव. मग पाहणी. जुनी इमारत धोक्याची हाय असं लेखी आल्याबिगर पाडायची न्हाय, आणि पाडायला परवानगी न्हाय तवर नवीला पैसा न्हाय. मग जिल्ह्याची यादी. तिथं ज्याची पोरं जास्त, त्याचा नंबर वर!" ही भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली, की आमच्या मुलीनं सायकल मागितली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "आईचा ठराव झालाय काय?" मोरीतला नळ गळतोय म्हणून बायको कुरकुरली, तर म्हणाले, "अर्ज दे. पाहणीशिवाय दुरुस्ती न्हाय." पुतण्याच्या लग्नात अक्षता पडत असताना हे मांडवाचा खांब हलवून बघत होते.

पण त्यांचा प्रस्ताव काही हलत नव्हता. छत गळतं म्हणून चौघांनी आपली पोरं बाजाराच्या गावातल्या खाजगी शाळेत घातली. पट घटला आणि शाळेचा नंबर यादीत आणखी खाली गेला. त्या दिवशी मामांनी पोह्यांची बशी तशीच ठेवली. "खोल्या न्हाईत म्हणून पोरं जात्यात, आणि पोरं न्हाईत म्हणून खोल्या मिळंनात. आता सांगा, कुणाच्या पाया पडू?" मग ते त्या चौघांच्याच दारात जाऊन बसले. एका घरी तर दोन दिवस. त्या बाईनं शेवटी वैतागून पोरीचं नाव परत घातलं. हळूहळू उरलेली तीनही आली.

दुसरी अडचण पाहणीची. घाटातल्या पावसाच्या भीतीनं साहेब लोक यायचे मे महिन्यात, आणि 'छत सुस्थितीत' असं लिहून जायचे. मामांनी अर्ज केला, की पाहणी आषाढातच व्हावी. तो अर्ज बहुधा कुतूहलापोटी मंजूर झाला असावा. एक तरुण इंजिनियर बाई भर पावसात आल्या, तेव्हा मीही तिथं होतो. पहिली-दुसरी एका कोपऱ्यात, तिसरी-चौथी दुसऱ्यात, मधे बादल्या. बाई वर्गातही छत्री धरूनच उभ्या होत्या.

"म्याडम," मामा हात जोडून म्हणाले, "पाहणी हाय न्हवं? मग छत्री मिटा की."

शाळेच्या गुरुजींनी मागून मामांची बाही ओढली. पण बाईंनी खरंच छत्री मिटली. पाच मिनिटांत त्या हसायला लागल्या, आणि वहीचा कागद भिजत होता तरी उभ्या उभ्याच लिहीत राहिल्या. इमारत धोकादायक, वापरास अयोग्य, पाडण्यास हरकत नाही. पुढच्याच यादीत शाळेचं नाव वर आलं. दोन खोल्या मंजूर झाल्या. मामांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले.

जुनी शाळा पाडायला जेसीबी आला त्या दिवशी मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कौलं उतरली, वासे निघाले, पण भिंती काही पडेनात. चुन्यात बांधलेला दगड तो. जेसीबीनं एक दणका दिला, दुसरा दिला. नुसती धूळ उडाली. जमलेली पोरं ओरडून त्याला जोर चढवत होती.

मामा एकदम पुढं झाले. "हळू की रं!"

चालकानं इंजिन बंद करून मान बाहेर काढली. "आबा, पाडायची हाय न्हवं?"

"व्हय." मामा त्या भिंतीकडं बघत राहिले. "पाडायची हाय. पर हळू."