चार फरश्या आणि पहिला भाडेकरू

दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी सोलापुरात भाड्याने देण्यासाठी दोन खोल्या बांधल्या. तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि स्वतः भाड्याच्या घरात राहत होतो. जागा शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीला लागून होती. प्लॉट माझ्या बचतीतला. बांधकाम बायकोच्या पाटल्या मोडून झालं. पाटल्या देताना तिने अट घातली होती, की दसऱ्यापर्यंत भाडेकरू आला नाही तर खोल्या विकायच्या आणि तिला पाटल्या करून द्यायच्या.

कामावर जाण्याआधी मी रोज सायकलने तिकडे जात असे. काल किती थर होते आणि आज किती झाले, ते मोजत असे. गवंडी म्हणे, "सायेब, मोजल्यानं भिंत वाडत न्हाय." मला ते पटत नसे. आपल्या मालकीची भिंत वाढताना पाहण्यासारखी दुसरी बातमी मला त्या वर्षात वाचायला मिळाली नाही.

जमिनीवर मी शहाबादी फरशी घालायला लावली. वस्तीत बहुतेक घरांत मातीची, सारवलेली जमीन होती. आपली खोली उठून दिसेल, हा माझा हिशेब होता. "हितं फरशी कशाला? माती ऱ्हाऊ द्या की," गवंडी म्हणाला. तो अंगचोरपणा करतोय, असं मी ठरवून टाकलं.

श्रावणात पाटी लावली. तीन आठवड्यांत सहा कुटुंबं येऊन गेली. माणसं दार बघत, नळ सोडून बघत, मग खाली बघत आणि "कळवतो" म्हणून निघून जात. मी कारणं शोधली. दार दक्षिणेला होतं. नळाला धार बारीक होती. मी भाडंही थोडं उतरवलं. लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता. त्या सहा जणांना मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही.

तो बायकोने विचारला. सातवं कुटुंब आलं तेव्हा दसरा दहा दिवसांवर होता. पन्नाशीचा विणकर आणि त्याची बायको. दोघं आपसात तेलुगूत बोलली, खाली पाहिलं आणि वळली.

"काय खुपलं ते सांगून तरी जा," बायको म्हणाली. "आम्हाला राग नाही येणार."

विणकर संकोचला. "खोली झ्याक हाय, बाई. पण मी पाय कुटं सोडू?"

मग त्याने समजावलं. त्याचा हातमाग जमिनीलगत बसतो. खाली गुडघाभर खड्डा लागतो. विणणारा खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय आत सोडतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो.

"फरशीवर नाही का ठेवता येणार?" मी विचारलं.

"माग म्हंजे काय चहाचा कप हाय व्हय, मालक, ठिवला की झालं?" त्याची बायको म्हणाली.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मालक म्हटलं होतं, तेही हसून.

फरशी काढून खड्डा खणू दिला तर विणकर राहायला तयार होता. हे ऐकून ऑफिसात छपाईच्या फोरमनने मला वेड्यात काढलं. "अहो, भाडेकरूनं खिळा ठोकला तरी तो हलत नाही. हा तर तुमच्या घरात खड्डा खणणार!" मी घाबरलो आणि घरी येऊन तेच बोलून दाखवलं.

"हलत नाही म्हणजे चांगलंच की," बायको म्हणाली. "आपल्याला काय दर महिन्याला नवा माणूस शोधायचाय?"

दुसऱ्या दिवशी गवंडी पहार घेऊन आला. "मी म्हनलो न्हवतो का?" एवढंच तो म्हणाला आणि चार फरश्या उचलल्या. एक मधोमध तडकली. विणकराने टेप मागितला नाही. थोडं खणायचं, कडेला बसून पाय सोडायचे, टेकतात का बघायचं, पुन्हा खणायचं. जाताना खड्डा बुजवून देईन, असं तो आपणहून म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी माग उभा राहिला. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पूजेनंतर त्याने दोन-चार हात मारून दाखवले. ठकठक भिंतीतून बाहेर आली. मी सायकल धरून दाराशी उभा होतो. ऑफिसला उशीर होत होता, तरी हलवेना.

दसऱ्याला दोघं घरी आली. विणकराने मला आपट्याची पानं दिली. त्याच्या बायकोने भाडं माझ्या बायकोच्या हातात ठेवलं. तिने ते देवापुढे ठेवलं. ती पाटल्यांचा विषय काढील म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "गवंड्याला उद्या परत बोलवा. दुसऱ्या खोलीतल्या चार फरश्या काढायच्यात. आणि या वेळी तडकवू नको म्हणावं, पुढच्या बांधकामाला लागतील."