मळा आणि मया

"मशीन चुकत नाही, उमाळे मॅडम. लेकरं चुकतात."

"चुकत नाहीत, सर. बोलतात."

"मग बोलू द्या ना घरी! मी काय घरोघरी जाऊन त्यांचे कान धरतो? वाचनाच्या तासाला 'शाया' चालत नाही, 'शाळा' पाहिजे. एवढंच तर सांगते ती मशीन."

"माझ्या आवाजात सांगते."

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत शेखर सर जरा मागे रेलले. हे खरंच होतं. जठारपेठेतल्या त्या शाळेत यंदा आठवीच्या मराठीच्या तासाला टॅबलेट आले होते. पोरानं कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावरचा धडा मोठ्यानं वाचायचा, आणि शब्द चुकला की मशीन अडवायची, "पुन्हा म्हण." तो आवाज सत्यभामा उमाळे यांचा. उन्हाळ्यात संस्थेनं त्यांना अमरावतीला नेलं होतं, भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसवून आठवडाभर वाचून घेतलं होतं. संस्थेच्या साऱ्या शाळांत त्यांच्याइतकी स्वच्छ मराठी कोणाची नाही, असं खुद्द अध्यक्ष म्हणाले होते. सत्यभामाबाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता मात्र उभ्या जागी चैन नव्हतं. त्या केबिनमध्ये कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारत होत्या.

"बसा हो जरा," सर वैतागले. "मानच दुखायला लागली माझी. ऐका, दहा वर्षांनी मराठीचा तास कसा असेल, सांगू? एकेक लेकरू आपल्या वेगानं वाचतंय. कोणी कोणाला हसत नाही. मागच्या बाकावरचा लपत नाही, पुढच्या बाकावरची मिरवत नाही. वर्ग शांत."

"मसणवटीवाणी."

"काय?"

"काही नाही. माझा तास सांगू? दहा वर्षांनी माझा वर्ग भांडत असेल. धड्यातल्या माणसाशी, एकमेकांशी, माझ्याशी. तो असा कसा वागला, तिनं तसं का नाही केलं. ज्या धड्यावर भांडण झालं नाही, तो धडा वाचलाच नाही, असं मी समजेन."

"आणि बोर्डाच्या पेपरात पोरानं 'शाया' लिहिलं म्हणजे? तिथं तुमचं भांडण मार्क देईल?"

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. पण बाईंच्या डोळ्यांपुढे आठवीतली प्रणाली होती. कचोरीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न फेकणारी पोरगी. धड्यात आजोबांचा मळा होता. वऱ्हाडी जिभेवर 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. प्रणालीनं 'मया' वाचलं. "पुन्हा म्हण." मया. "पुन्हा म्हण." मया. मशीनला कंटाळा नव्हता. शेवटी पोरीनं हेडफोन काढून बाकावर ठेवला, आणि तेव्हापासून मराठीच्या तासाला ती हाताची घडी घालून बसायची. विचारलं तर एकच, "मले वाचता येत नाई, मॅडम."

"उद्याचा तास मला द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मशीन कपाटात. प्रणालीनं अख्खा धडा वाचला, तर तुम्ही अमरावतीला फोन करायचा, की 'ळ'च्या जागी 'य' आला तर अडवू नका, पुढे जाऊ द्या."

"आणि नाही वाचला तर?"

"परवा संस्थेची गाडी येतेच आहे. मुकाट्यानं बसेन. नववी-दहावीचं रेकॉर्डिंग करून देईन."

"ठरलं. मी मागच्या बाकावर बसतो."

सत्यभामा नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची. बापाचा भाजीचा मळा, आई मैनाबाई आठवडी बाजारात वांगी-मेथी घेऊन बसायची. बी.एड.ला अमरावतीला गेली, तेव्हा पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणाली, "आमचा मया हाये." मया म्हणजे माया असं धरून मागून एकानं विचारलं, "कोणावर?" सारा वर्ग हसत सुटला. त्यानंतर होस्टेलच्या न्हाणीघरात ही नळ सोडून, बादली वाहू देऊन, जीभ टाळूला वळवत उभी राहायची. मळा, गळा, फळा. मुली दार वाजवायच्या, "सत्यभामा, आंघोळ करून राहिली का मंत्र म्हणून राहिली?"

मंत्र लागू पडला. सुट्टीत घरी गेली तर मैनाबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. "काय व, तू तं पेपरावाणी बोलून राहिली!" मग बाजारात गिऱ्हाइकाला पालक तोलून देता देता सांगायची, "माही पोरगी रेडिओवाणी बोल्ते." नोकरी लागली, संसार झाला, आईशी फोनवर बोलतानाही सत्यभामाची मराठी इस्त्रीचीच राहिली. आई वऱ्हाडीत विचारायची, लेक पुस्तकात उत्तर द्यायची. दोघींचं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी आठवीचा वर्ग आधी तर गोंधळलाच. हेडफोन नाहीत म्हटल्यावर हातांचं काय करावं, कळेना. बाईंनी धडा मधूनच उघडला. रस्ता होणार म्हणून आजोबांचा मळा जातो आणि आजोबा मागे वळून न पाहता चालू लागतात, तिथं.

"का नाही पाहिलं त्यांनी मागे?"

"राग आला असन," कोणीतरी म्हणालं.

"राग नाई बे," नितेश बाकावरून अर्धा उठला. "पाहालं असतं तं पाय उचललाच नसता त्याईचा."

"तुले काय मालूम?"

"आमच्या बुवाचं घर गेलं ना रस्त्यात! तो तं अजून त्या बाजूनं जातच नाई. लांबून जाते."

"मंग आजोबा भित्रा हाये," खिडकीजवळून एक पोरगी म्हणाली, आणि वर्ग पेटला. सत्यभामाबाई बाकांच्या मधून येरझारा घालत होत्या, गाल गरम झाले होते. मागच्या बाकावर शेखर सर अवघडून बसले होते, गुडघे वर, पण कान टवकारून. नितेश जवळजवळ भांडायलाच उठला, तेवढ्यात एक बारीक आवाज आला.

"भित्रा नाई. मॅडम, मी वाचू?"

प्रणाली उभी होती. हाताची घडी सुटली होती.

ती धड्याच्या पहिल्या ओळीपासून वाचू लागली. चांगली वाचत होती. जिथं थांबायला हवं तिथं थांबत होती, आजोबांचा आवाज जाड काढत होती. 'सकायी' आलं, गेलं. 'डोये' आलं, गेलं. सत्यभामाबाईंनी ओठ मिटून घेतले. दर वेळी त्यांची जीभ आपसूक टाळूकडे उचलली जात होती. त्या तिला खाली दाबत होत्या.

"आजोबांचा मया आता—"

"मळा."

कोण बोललं, हे बाईंना स्वतःला क्षणभर कळलं नाही. हळू, गोड, स्वच्छ आवाज.

प्रणालीनं पुस्तक खाली केलं. "मॅडम, तुमी बोल्ल्या तं वाटलं मशीनच लागली."

कोणीतरी खुसखुसलं. बाई पटकन पुढे झाल्या. "नाही गं, वाच. तुझं बरोबर आहे. मया. मीही लहानपणी तेच म्हणायचे ना घरी. म…"

आणि झालं नाही. तोंडातून 'मळया' असं काहीतरी बाहेर पडलं, ना धड इकडचं ना तिकडचं. पुन्हा म्हणून पाहिलं, तर नाटकात गावंढळ बाईचं काम करणाऱ्या शहरी मुलीसारखं वाटलं. वर्ग हसला. वाईट हसला नाही, मजेत हसला, पण हसला.

"असं नाई मॅडम," प्रणाली आता स्वतःच हसत होती. "जीभ उचलूच नोका. पडू द्या तिले. म-या."

"मया," नितेश म्हणाला.

"मया!" अख्खा वर्ग ओरडला. बाईंनीही तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही.

मग प्रणालीनं पुस्तक वर केलं आणि उरलेला धडा एका दमात वाचून टाकला, चुकत, धावत, शेवटच्या ओळीपर्यंत. घंटा झाली. पोरं अजून भांडतच बाहेर पडली, भित्रा की नाही भित्रा.

शेखर सर बाकातून कसेबसे सुटून पुढे आले. टोमणा मारायचा त्यांचा इरादा दिसत नव्हता. उलट ते जरा गोंधळलेलेच होते.

"वाचलं तिनं. मी फोन करतो, शब्दाचा पक्का आहे मी. पण अमरावतीवाले विचारतील, मॅडम. तुमच्याच बाई जित्या वर्गात 'मळा' म्हणून अडवतात, तर मशीननं काहून अडवू नये? काय सांगू मी त्यांना?"

सत्यभामाबाईंनी खडू फळ्याखाली ठेवला, पदराला हात पुसले. "सांगा, लेकरू नाही चुकलं, बाई चुकली," म्हणाल्या आणि दारातून बाहेर निघून गेल्या.